राखण आणि उतारा

बहुतेक औषधांची मात्रा एकदा ठरली की वर्षानुवर्षे तीच चालते. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या जुन्या गोळ्यांचे तसे नाही. ॲसिट्रोमची दोन मिलिग्रॅमची गोळी एकाला पुरते, दुसऱ्याला तिच्या दुप्पट लागते, आणि ज्याला ती काल पुरत होती त्यालाच पुढच्या महिन्यात ती जास्त होते. कमी पडली तर हृदयातल्या कृत्रिम झडपेवर गुठळी बसते, किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन अर्धे अंग लुळे पडते. जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून, आतड्यातून रक्त जाते. कधी मेंदूतही जाते. या दोन संकटांच्या मधला पट्टा अरुंद आहे. माणसाला त्या पट्ट्यात आयुष्यभर कसे ठेवायचे आणि तो बाहेर गेलाच तर त्याला परत कसे आणायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक तिघांसाठी लिहिले आहे: गोळी घेणारा रुग्ण, त्याच्या घरचे आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर. शहरातल्या हृदयतज्ज्ञाला यातले बरेचसे ठाऊक असते. पण तो रुग्णाला तीन किंवा सहा महिन्यांतून एकदा भेटतो. मधल्या काळात ताप येतो, दात दुखतो, गुडघा सुजतो, आणि तेव्हा रुग्ण जवळच्या डॉक्टरकडे जातो. तिथे लिहून दिलेली साधी गोळी आणि रोजची ॲसिट्रोम यांची गाठ पडते, आणि ती पडली आहे हे कोणालाच कळत नाही. रक्तस्राव होऊन आलेल्या रुग्णांचे जुने कागद मी चाळतो तेव्हा मला अनेकदा हेच दिसते. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर केलेले असते. सगळे मिळून बघणारा कोणी नसतो.

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत या औषधांचा नमुना-रुग्ण म्हणजे सत्तरी ओलांडलेला, हृदयाची लय बिघडलेला माणूस. आपल्या बाह्यरुग्ण विभागात तो असतोच, पण त्याच्या शेजारच्या बाकावर पंचविशी-तिशीतली बाई बसलेली असते. लहानपणी घसा सुजला, मग सांधे धरले, ताप आला, तो गेला असे वाटले. पण जाताना त्याने हृदयाच्या झडपा आखडून टाकल्या. संधिवाताच्या तापाने बिघडलेली मिट्रल झडप बदलून धातूची बसवली की गोळी जन्माची सोबत होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय बनावटीची झडप तयार केली, आणि १९९० च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. परदेशी झडपेचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे वाट मिळाली. झडप मात्र कुठल्याही देशाची असो, ती यांत्रिक असेल तर रक्त तिच्यावर गोठू पाहणारच.

या तरुण बाईसाठी मी एक संपूर्ण प्रकरण ठेवले आहे, कारण तिची अडचण दुहेरी आहे. ॲसिट्रोम आणि त्याच जातीचे वॉरफरिन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत त्यांच्यामुळे बाळाच्या नाकाची आणि हाडांची वाढ बिघडू शकते; मात्रा जितकी मोठी तितका धोका अधिक. गुठळ्या रोखणारे टोचायचे औषध, हेपरिन, वार ओलांडत नाही, म्हणून बाळासाठी ते सुरक्षित. पण आईच्या झडपेचे रक्षण ते गोळीइतके नीट करत नाही, आणि त्याची पातळी वरचेवर मोजावी लागते. बाळंतपण जवळ आले की गोळी थांबवून हेपरिनवर यावे लागते, नाहीतर जन्मताना बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. हे सगळे आधी ठरवून करायचे असते, दिवस राहण्याच्याही आधी. आणि इथेच आपले घर आड येते. कधी लग्न जमवताना शस्त्रक्रियेची गोष्ट सासरी सांगितलेलीच नसते. छातीवरचा व्रण पदराखाली आणि गोळी डब्याच्या तळाशी राहते. दिवस राहिल्याचे तिसऱ्या महिन्यात कळवले जाते, किंवा बाळाला अपाय होईल म्हणून ती बाई कोणालाही न विचारता गोळी बंद करते आणि झडप अडकून आमच्याकडे येते. तिला दोष देणे मला कधीच जमले नाही. तिला आधी कोणी बसवून हे समजावलेलेच नसते.

गोळी काम कशी करते ते थोडक्यात सांगतो. यकृत रक्त गोठवणारे अनेक घटक तयार करते. त्यांतल्या दुसऱ्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या घटकाला कॅल्शियम धरून ठेवण्यासाठी एक शेवटचा संस्कार लागतो, आणि तो के जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. वापरलेले के जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजे करून घेते. वॉरफरिन आणि ॲसिट्रोम हे ताजे होणेच अडवतात. घटक तयार होतात, पण निकामी. म्हणूनच मेथी, पालक, शेपू, अळू, कोथिंबीर यांचा या गोळीशी संबंध येतो, कारण हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असते. पालेभाजी बंद करा असा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो चुकीचा आहे. रोज साधारण सारखी खा, एवढेच सांगायला हवे. हिवाळ्यात महिनाभर रोज मेथी आणि नंतर एकदम काही नाही, किंवा तापात चार दिवस नुसती पेज, अशा चढउतारांनी गोळीचा परिणाम हलतो.

या औषधाचा इतिहास मी पुस्तकात सविस्तर दिला आहे, कारण त्यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्याला लागू पडते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातली गुरे साध्या जखमेतून रक्त वाहून मरू लागली. शिंगे कापली किंवा खच्ची केले की रक्त थांबत नसे. स्कोफिल्ड या पशुवैद्याने दोष बुरशी लागलेल्या गोड क्लोव्हरच्या वैरणीत आहे हे ओळखले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि ती वैरण घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षे खपून वैरणीतले द्रव्य वेगळे केले, ते डायक्युमरॉल. त्याच घराण्यातले वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी. ज्या संस्थेने या संशोधनाला पैसा पुरवला तिच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले.

उंदराचे विष माणसाला द्यायला डॉक्टर धजत नव्हते. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव देण्यासाठी तेच विष बरेच दिवस खाल्ले. रुग्णालयात त्याला के जीवनसत्त्व आणि रक्त दिले, आणि तो पूर्ण बरा झाला. तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, वॉरफरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही ते दिले गेले. उतारा हाताशी आहे हे दिसले तेव्हाच औषध वापरण्याचे बळ आले. हेपरिनच्या बाबतीतही माणसांत त्याचा वापर सुरू झाला त्याच सुमारास, १९३७ मध्ये, साल्मन माशाच्या वीर्यातून मिळणारे प्रोटामिन त्याला निष्प्रभ करते हे दिसून आले. आजही हृदयशस्त्रक्रिया संपताना साधारण शंभर युनिट हेपरिनमागे एक मिलिग्रॅम या हिशेबाने तेच दिले जाते. त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या कमी वजनाच्या हेपरिनवर मात्र ते अर्धेमुर्धेच चालते, आणि हे विसरले जाते. करोनाच्या दोन लाटांत ही पोटावरची इंजेक्शने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना पहिल्यांदा ठाऊक झाली.

मोजणीची गोष्ट उताऱ्याइतकी नाट्यमय नाही, पण माझ्या मते तिने वाचवलेले जीव अधिक आहेत. १९३५ मध्ये आर्मंड क्विक यांनी रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालून तो किती सेकंदांत गोठतो हे मोजायची पद्धत दिली. तीच प्रोथ्रॉम्बिन टाइम. अडचण अशी होती की थ्रॉम्बोप्लास्टिन प्रत्येक कारखान्याचे वेगळे. त्याच माणसाचे तेच रक्त एका ठिकाणी वीस सेकंद दाखवी, दुसऱ्या ठिकाणी तीस. अमेरिकेत वापरले जाणारे द्रव्य कमी संवेदनशील होते, म्हणून तिथल्या रुग्णांना इंग्लंडपेक्षा मोठ्या मात्रा पडत आणि त्यांना रक्तस्रावही अधिक होई. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक द्रव्याला संवेदनशीलतेचा एक अंक जोडला आणि त्यातून आयएनआर हे सगळीकडे सारखे चालणारे गुणोत्तर आले. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर एकच्या आसपास असतो. लय बिघडलेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णासाठी तो दोन ते तीन हवा. मिट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर सहसा अडीच ते साडेतीन.

हा आकडा जितका सोपा दिसतो तितका तो फसवतो. फिकट निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट असते आणि रक्त खुणेपर्यंत भरावे लागते. नळी अर्धवट भरली तर आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो, आणि डॉक्टर गोळी कमी करून मोकळा होतो. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत जावे असे मी सांगतो. दुसरे म्हणजे सुरुवातीचे दिवस. सातवा घटक काही तासांतच संपतो, म्हणून दोन-तीन दिवसांत आयएनआर चढतो. पण गुठळी रोखायला जो दुसरा घटक उतरावा लागतो तो संपायला अनेक दिवस जातात. म्हणून ताज्या गुठळीत हेपरिन निदान पाच दिवस आणि आयएनआर जागेवर येईपर्यंत सोबत चालवायचे असते. आकडा दिसताच ते बंद करण्याची घाई घातक ठरते.

गोळीच्या आड येणाऱ्या औषधांची लांब यादी परिशिष्टात आहे, पण काही नावे इथेच सांगून ठेवतो. जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल, लघवीच्या संसर्गासाठीचे कोट्रायमॉक्साझोल, बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल आणि हृदयाच्या लयीसाठीचे ॲमिओडॅरोन हे आयएनआर चढवतात. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन तो इतका पाडते की मात्रा दुप्पट-तिप्पट करूनही पुरत नाही. आणि सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपला की वाढवलेली मात्रा तशीच चालू राहते, यकृत पूर्ववत होते आणि आयएनआर झपाट्याने चढतो. क्षय आणि संधिवाताचा ताप या दोन्ही आजारांची वस्ती एकाच घरांत असते, त्यामुळे ही गाठ आपल्याकडे पुन्हा पुन्हा पडते. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांची गोष्ट आणखी अवघड, कारण त्यांनी आकडा फारसा न हलताही पोटात रक्तस्राव होतो. कमरेत घेतलेले इंजेक्शन स्नायूत मोठी गाठ करून बसते. याच्या उलट, दात काढायचा म्हणून झडपेच्या रुग्णाची गोळी आठवडाभर बंद करणे हा विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे. आयएनआर मर्यादेत असेल तर जागेवरच्या उपायांनी दात काढता येतो.

यात माणसाच्या रोजच्या आयुष्याचाही वाटा आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार दोन मिलिग्रॅम आणि बाकीचे दिवस तीन, अशी मात्रा कागदावर लिहायला सोपी. अक्षरओळख नसलेल्या आजीला ती पाळायला कोणी शिकवले? एक मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल दुकानातही होते आणि घरातही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे कुटुंब दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडते आणि कित्येक महिने फडावर असते. त्या काळात रक्त कोण तपासणार, कुठे, आणि सांगितलेला बदल त्या बाईपर्यंत कोण पोहोचवणार? बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारी हातातली यंत्रे आता आहेत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मधुमेहाच्या तपासणीइतकी सहज मिळाली पाहिजेत असे मला ठामपणे वाटते.

२०१० नंतर नव्या गोळ्या आल्या: डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन. मात्रा ठरावीक, आयएनआर नको, मेथीची चिंता नको. लय बिघडलेल्या वृद्धांसाठी आणि शिरेतल्या गुठळ्यांसाठी त्या खरोखरच वरदान ठरल्या. मेंदूतला रक्तस्राव त्यांच्यामुळे जुन्या गोळीपेक्षा कमी होतो. पण दोन ठिकाणी त्या चालत नाहीत, आणि ती दोन्ही ठिकाणे आपल्या रुग्णांची आहेत. यांत्रिक झडपेत डॅबिगॅट्रान वापरून पाहिले तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. २०१२ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. संधिवाताच्या तापाने झडप आखडून लय बिघडलेल्या रुग्णांत रिव्हरॉक्सॅबॅनची तुलना जुन्या गोळीशी करणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात जुन्या गोळीवरचे रुग्ण अधिक जगले. तपासणीचा त्रास वाचवण्यासाठी अशा रुग्णाची गोळी परस्पर बदलू नये.

आयएनआर लागत नाही याचा अर्थ लक्ष ठेवावे लागत नाही असा अनेकांनी घेतला, आणि त्याची मला काळजी वाटते. डॅबिगॅट्रानचा सुमारे ऐंशी टक्के भाग मूत्रपिंडातून बाहेर पडतो. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी मूत्रपिंड मंदावले की तीच मात्रा साचू लागते. म्हणून क्रिएटिनिन ठरावीक काळाने बघायलाच हवे. रिव्हरॉक्सॅबॅनची मोठी मात्रा जेवणासोबतच घ्यावी लागते, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. उपासाच्या दिवसांचा विचार इथे करायला हवा. आणि एक सापळा तातडीच्या विभागातला: ॲपिक्सॅबॅन पूर्ण मात्रेत अंगात असतानाही आयएनआर जवळजवळ साधा येऊ शकतो. तो पाहून अंगात औषध नाही असे समजणे धोक्याचे. अशा वेळी शेवटची गोळी किती वाजता घेतली हेच विचारायचे. या एका उत्तरावर पुढचे अनेक निर्णय अवलंबून असतात.

या गोळ्या आल्या तेव्हा त्यांना उतारा नव्हता. डॅबिगॅट्रानचा उतारा, इडारुसिझुमॅब, २०१५ मध्ये आला. तो डॅबिगॅट्रानला घट्ट पकडून ठेवणारा प्रतिपिंडाचा तुकडा आहे आणि पाच ग्रॅमच्या एका मात्रेत काही मिनिटांत काम होते. बाकी दोन गोळ्यांसाठी २०१८ मध्ये आलेल्या अँडेक्सानेटने रक्तस्राव थोपवला जातो, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूतल्या रक्तस्रावाच्या अभ्यासात ते मिळालेल्यांना नव्या गुठळ्या अधिक झाल्या. दोन्ही औषधे अतिशय महाग आहेत. बहुतेक ठिकाणी अजूनही रक्त गोठवणारे तयार घटक असलेले प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, औषधाचा अंमल ओसरेपर्यंतचा आधार आणि वेळ यांवरच काम चालते.

जुन्या गोळीचा उतारा स्वस्त आहे, पण तो नीट द्यावा लागतो. आयएनआर साडेचार ते दहाच्या दरम्यान असून कुठेही रक्त जात नसेल तर एक-दोन दिवस गोळी थांबवून पुन्हा तपासणे पुरते. घाबरून दहा मिलिग्रॅम के जीवनसत्त्व दिले तर पुढचे कित्येक दिवस गोळी लागूच पडत नाही आणि झडप उघड्यावर पडते. दहाच्या वर गेला तर ते थोड्या मात्रेत तोंडाने द्यावे. जीवघेणा रक्तस्राव असेल तर शिरेतून सावकाश पाच ते दहा मिलिग्रॅम; कमरेत कधीही नाही. पण त्याचा परिणाम दिसायला कित्येक तास लागतात, कारण यकृताला नवे घटक घडवायचे असतात. तोवर तयार घटक बाहेरून हवेत. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्सची बाटली अर्ध्या तासात आयएनआर खाली आणते. गोठवलेला प्लाझ्मा आधी वितळवावा लागतो, रक्तगट जुळवावा लागतो, आणि साठ किलोच्या माणसाला सहाशे ते नऊशे मिलिलिटर द्यावा लागतो. आधीच थकलेल्या हृदयाला तो भार पेलत नाही. जिल्हा रुग्णालयात कॉम्प्लेक्सच्या काही बाटल्या कायम असाव्यात ही माझी मागणी जुनी आहे आणि मी ती इथेही नोंदवतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या उंदराच्या नव्या विषांत हाच उतारा आठवडेच्या आठवडे, कधी महिने द्यावा लागतो. रुग्ण बरा दिसतो म्हणून चौथ्या दिवशी घरी पाठवला तर तो रक्तस्राव घेऊन परत येतो.

उताऱ्यानंतरच्या दिवसांना मी सगळ्यात जास्त पाने दिली आहेत. उतारा रक्त गोठण्याची शक्ती परत देतो. मेंदूत सांडलेले रक्त तो काढून घेत नाही. आणि ज्या कारणासाठी गोळी होती ते कारण जागेवरच असते. रक्तस्राव थांबला, रुग्ण घरी गेला, घरी पाठवतानाच्या कागदावर ‘ॲसिट्रोम बंद’ एवढेच लिहिले गेले, आणि ती पुन्हा कधी सुरू करायची ते कोणीच लिहिले नाही. अशा रुग्णांपैकी काही जण पुढे बंद पडलेली झडप घेऊन येतात. यांत्रिक झडप असेल तर मेंदूतल्या रक्तस्रावानंतरही एक-दोन आठवड्यांत गोळीचा विचार सुरू करावा लागतो. नुसती लय बिघडलेली असेल तर महिना-दोन महिने थांबता येते. आतड्यातला रक्तस्राव जागा सापडून थांबला असेल तर बहुधा आठवड्याभरानंतर. नेमकी तारीख प्रत्येकाची वेगळी. पण ती कागदावर असलीच पाहिजे, आणि ती कोणी ठरवायची त्या डॉक्टरचे नावही.

पुस्तकाच्या शेवटी नोंदींसाठी रिकामी पाने आहेत. तारीख, आयएनआर, आठवड्याची एकूण मात्रा, प्रयोगशाळा, मधल्या काळात घेतलेले दुसरे कोणतेही औषध किंवा काढा, आणि पुढच्या तपासणीची तारीख, असे रकाने आहेत. पहिल्या पानावर गोळी कशासाठी चालू आहे आणि आयएनआर किती ते किती हवा हे डॉक्टरकडून लिहून घ्यावे. दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात जाताना हीच वही आधी पुढे करावी; काय होतेय ते त्यानंतर सांगावे.